मसावि काढून अवयव पाडायचा सराव : फराळाच्या डब्यापासून कंसापर्यंत

संध्याकाळी माझ्याकडे सातवी-आठवीची चारपाच मुलं गणिताला बसतात, आणि दरवर्षी बैजिक राशींचे अवयव आले की तेच होतं. सूत्रं तोंडपाठ असतात, अ² − ब² चे अवयव झोपेतसुद्धा सांगतील, पण सगळ्यात पहिली पायरी, म्हणजे मसावि (सगळ्या पदांना भाग जाणारा सगळ्यात मोठा विभाजक) बाहेर काढणं, तिथेच गाडी अडकते. शाळेत म्हणतात "कॉमन काढा". मुलं काहीतरी कॉमन काढतातही, पण सगळं काढत नाहीत, किंवा काढल्यावर आत काय उरलं ते चुकतं. माझं स्पष्ट मत आहे की मुलांना हे जमत नाही असं नाहीये, पदं सुटी करून न लिहिता एकदम उत्तरावर उडी मारायची सवय लागलेली असते, ती मोडली की आठवड्याभरात फरक दिसतो. म्हणून हा लेख थोडा लांबलचक झालाय, पण वही-पेन घेऊनच वाचा.

एक आधी सांगते, पुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष, य, अ, ब वापरणार आहे. काही बिघडत नाही. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या काळात तर अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं होती आणि लिहिताना नुसतं या, का, नी, पी लिहायचे. अक्षर कुठलंही घ्या, त्याच्या जागी एक संख्या आहे एवढं डोक्यात ठेवा.

आधी डबे भरू

समजा घरात १२ लाडू आणि १८ चकल्या आहेत आणि शेजारीपाजारी द्यायला अगदी सारखे डबे भरायचेत, प्रत्येकात तेवढेच लाडू, तेवढ्याच चकल्या, एकही बाहेर उरायला नको. जास्तीत जास्त डबे किती? मुलं लगेच सांगतात, सहा. एका डब्यात २ लाडू आणि ३ चकल्या. आता एका लाडवाचं वजन ल ग्रॅम आणि एका चकलीचं च ग्रॅम धरलं तर सगळ्या फराळाचं वजन १२ल + १८च, आणि डब्यांच्या हिशोबाने तेच वजन ६(२ल + ३च). झालं, हेच मसावि काढून अवयव पाडणं. बाहेरचा ६ म्हणजे डबे किती, कंसातलं म्हणजे एका डब्यात काय.

इथे ल म्हणजे "लाडू" असं शिकवू नका हं, मी मुद्दाम वजन म्हटलंय. अक्षर म्हणजे वस्तू असं एकदा मनात बसलं की पुढे ल² आला की मुलं विचारतात लाडवाचा वर्ग म्हणजे काय, आणि मग ते निस्तरता निस्तरता महिना जातो.

तीनच डबे केले असते तर? ३(४ल + ६च). हेही खोटं नाही, वजन तेवढंच भरतं. पण ४ आणि ६ अजून दोनाने भागले जातात, म्हणजे डबा अजून फोडता येतो, काम अर्धवट राहिलं. परीक्षेत "अवयव पाडा" म्हणजे पूर्ण पाडा. म्हणून कंस लिहून झाला की दर वेळी एकच प्रश्न विचारायचा, आत अजून काही सामाईक आहे का? नसेल तरच पेन खाली.

संख्यांचा मसावि पटकन कसा काढायचा

मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक, सेमी-इंग्लिशवाले एचसीएफ म्हणतात. मूळ अवयव पाडायची पद्धत सगळ्यांना येते: २४ = २ × २ × २ × ३, ३६ = २ × २ × ३ × ३, ६० = २ × २ × ३ × ५, तिन्हीत सामाईक २ × २ × ३, म्हणजे १२. सुरुवातीचे दोन दिवस हीच करा, कंटाळा आला तरी.

पण खरी मजा वजाबाकीच्या युक्तीत आहे. दोन संख्यांना जी संख्या भागते ती त्यांच्या फरकालाही भागतेच, त्यामुळे मसावि फरकापेक्षा मोठा असूच शकत नाही. ९१ आणि ७८ घ्या. ९१ बघितला की मुलांना ती मूळ संख्या वाटते आणि "सामाईक काही नाही" म्हणून सोडून देतात. फरक काढा, १३. आणि १३ नं ७८ ला भाग जातो (१३ सक), ९१ ला पण जातो (१३ सत्ते). म्हणजे ९१क्ष − ७८य = १३(७क्ष − ६य). तसंच ८४ आणि १२६, फरक ४२, ८४ म्हणजे ४२ ची दुप्पट, मसावि ४२, संपलं. फरकाने भाग नाही गेला तर फरक आणि लहान संख्या यांचा पुन्हा फरक घ्या, असं करत जा. ही काही आजची युक्ती नाही, युक्लिडनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी हीच रीत लिहून ठेवलीये आणि शाळेत शिकवतात ती मसाविची भागाकार पद्धत त्याचंच जलद रूप आहे.

अक्षरांचा मसावि

नियम सोपा आहे, जे अक्षर सगळ्या पदांत आहे तेच घ्यायचं आणि त्याचा सगळ्यात लहान घातांक घ्यायचा. "महत्तम" शब्द ऐकून मुलं मोठा घातांक घेतात, दर बॅचला कुणीतरी घेतंच. त्यांना नियम परत सांगून उपयोग नसतो, सुटं लिहायला लावा:

क्ष⁵ = क्ष × क्ष × क्ष × क्ष × क्ष
क्ष³ = क्ष × क्ष × क्ष
क्ष² = क्ष × क्ष

आता सगळ्यांकडून सारखे क्ष मागितले तर शेवटच्याकडे दोनच आहेत, तो तिसरा कुठून देणार? म्हणून क्ष². लाडू बारा असले तरी चकल्या चारच असतील तर सारखे डबे चारापेक्षा जास्त होत नाहीत, तसंच.

आणि एखादं अक्षर एका जरी पदात नसेल तर ते बाहेर येत नाही. ६क्ष²य + ९क्षय² + १५क्ष बघा, पहिल्या दोन पदांत य आहे पण शेवटच्यात नाही, त्यामुळे य आतच राहणार. उत्तर ३क्ष(२क्षय + ३य² + ५).

आता पूर्ण उदाहरण, सावकाश

१२क्ष³य² + १८क्ष²य³ − ३०क्ष²य²

पहिलं काम, पदं मोजा. तीन आहेत. हे पहिल्यांदा वहीत कोपऱ्यात लिहूनच ठेवा, "३ पदं", कारण शेवटी कंसातही तीनच पदं आली पाहिजेत, कमी आली तर काहीतरी हरवलं.

मग संख्यांचा मसावि: १२, १८, ३०, तो ६. क्ष चे घातांक ३, २, २, लहान २. य चे घातांक २, ३, २, लहान २. म्हणून बाहेर ६क्ष²य².

आता प्रत्येक पदाला याने भागायचं, आणि हे तोंडी न करता लिहून करायचं, निदान पहिली पन्नासेक गणितं तरी:

१२क्ष³य² ÷ ६क्ष²य² = २क्ष
१८क्ष²य³ ÷ ६क्ष²य² = ३य
−३०क्ष²य² ÷ ६क्ष²य² = −५

उत्तर ६क्ष²य²(२क्ष + ३य − ५). कंसात तीन पदं, बरोबर. २, ३, ५ मध्ये सामाईक काही नाही, अक्षरांतही नाही, म्हणजे पूर्ण झालं.

तपासणी, जी कुणी करत नाही

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. गणितात फार थोड्या जागा अशा आहेत जिथे मागे उत्तरं छापलेली नसली तरी आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे आपलं आपल्याला शंभर टक्के कळतं, आणि अवयव ही त्यातली एक. बाहेरच्याने आतल्या प्रत्येक पदाला गुणा, मूळ राशी परत आली पाहिजे. पंधरा-वीस सेकंदांचं काम.

दुसरी तपासणी संख्या घालून. वरच्या उदाहरणात क्ष = २, य = ३ घाला. मूळ राशी: १२ × ८ × ९ = ८६४, १८ × ४ × २७ = १९४४, ३० × ४ × ९ = १०८०, म्हणजे ८६४ + १९४४ − १०८० = १७२८. उत्तर: ६ × ४ × ९ = २१६, कंसात ४ + ९ − ५ = ८, आणि २१६ × ८ = १७२८. जुळलं. यासाठी ० किंवा १ वापरू नका, कारण १ चा कितवाही घात १ च येतो, मग क्ष² च्या जागी क्ष³ लिहिला असला तरी चूक दिसतच नाही. २ आणि ३ चांगल्या.

एक मात्र लक्षात ठेवा, या दोन्ही तपासण्या "खोटं आहे का" ते सांगतात, "अर्धवट आहे का" ते नाही सांगत. ८क्ष² + २०क्ष साठी कुणी २क्ष(४क्ष + १०) लिहिलं तर गुणून मूळ राशी व्यवस्थित येईल, पण पूर्ण उत्तर ४क्ष(२क्ष + ५) आहे. म्हणून कंसात डोकावायचा प्रश्न वेगळा विचारायलाच लागतो.

जिथे हमखास घसरतात

हरवलेला १. १४अ²ब − २१अब² + ७अब याचा मसावि ७अब, मग मुलं लिहितात ७अब(२अ − ३ब), आणि शेवटचं पद गायब, कारण "ते पूर्णच बाहेर गेलं ना". भागून बघा, ७अब ÷ ७अब = १, शून्य नाही. उत्तर ७अब(२अ − ३ब + १). डब्यांत सांगायचं तर ५ लाडू आणि १५ चकल्यांचे पाच डबे केले तर प्रत्येकात एक लाडू आणि तीन चकल्या, कंसातला लाडू लिहिलाच नाही तर पाचही डब्यांतून लाडू नाहीसे. हे सांगितल्यावर मुलं सहसा विसरत नाहीत, आणि कोपऱ्यात "३ पदं" लिहिलेलं असलं की तिथेच पकडलं जातं.

वजाचं चिन्ह. पहिलंच पद ऋण असेल तर वजासकट बाहेर काढायची पद्धत आहे, मग आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह उलटं होतं. −८क्ष² + १२क्ष − ४ = −४(२क्ष² − ३क्ष + १). गडबड मधल्या पदावर होते, +१२क्ष ला −४ ने भागलं की −३क्ष. चिन्हं नुसती बघून उलटवू नका, भागाकार लिहा, धन भागिले ऋण काय येतं ते मनात म्हणा. अगदी गोंधळ होत असेल तर सुरुवातीला ४(−२क्ष² + ३क्ष − १) लिहिलं तरी ते चूक नाहीये, फक्त पुढच्या पायऱ्या जड जातात.

भलतीकडे काट मारणं. ६क्ष + ९ भागिले ३ असेल तर फक्त ६ ला काट मारून २क्ष + ९ लिहिणारी मुलं दहावीतही दिसतात. आधी ३(२क्ष + ३) करा, मग वरचा ३ आणि खालचा ३ जाऊ द्या, उरलं २क्ष + ३. बेरीज-वजाबाकीच्या पदाला परस्पर काट मारता येत नाही, गुणाकारातल्या अवयवालाच मारता येते, आणि अवयव पाडायचे ते बऱ्याचदा याच्यासाठीच.

कंसच सामाईक असेल तर

३क्ष(क्ष + ४) − ५(क्ष + ४). मुलं कंस सोडवायला धावतात. थांबवा. (क्ष + ४) वर बोट ठेवायला सांगा, दोन्हीकडे तोच आहे, तर तो पूर्ण कंस म्हणजे एकच वस्तू धरा आणि बाहेर घ्या: (क्ष + ४)(३क्ष − ५). मी सुरुवातीला कंसाभोवती चौकोन काढायला लावते, खूप फरक पडतो.

कंस उलटा असेल तर, जसं २अ(क्ष − य) + ३ब(य − क्ष), तिथे य − क्ष म्हणजे −(क्ष − य), म्हणून २अ(क्ष − य) − ३ब(क्ष − य) = (क्ष − य)(२अ − ३ब). बेरजेत (क्ष + य) आणि (य + क्ष) एकच असतात, तिथे वजा आणायचं नाही, हेही सांगावं लागतं.

आणि ६(अ + ब)² − ४(अ + ब) मध्ये दोन कामं एकदम, २ पण सामाईक आणि कंस पण: २(अ + ब)[३(अ + ब) − २], म्हणजे २(अ + ब)(३अ + ३ब − २).

चार पदं असली तर दोन-दोनचे गट करायचे. क्षय + ३क्ष + २य + ६ = क्ष(य + ३) + २(य + ३) = (य + ३)(क्ष + २). गट केल्यावर दोन्ही कंस सारखे नाही आले तर पदांचा क्रम बदलून बघा. वर्गराशीचं मधलं पद फोडून जे अवयव पाडतो त्यातही शेवटी हेच असतं, क्ष² + ७क्ष + १२ = क्ष² + ४क्ष + ३क्ष + १२ = क्ष(क्ष + ४) + ३(क्ष + ४) = (क्ष + ४)(क्ष + ३). आणि ३क्ष² − २७ दिसलं की सूत्र लागत नाही म्हणून बसून राहू नका, आधी ३ बाहेर काढा, ३(क्ष² − ९), मग ३(क्ष + ३)(क्ष − ३). कुठलीही राशी आली तरी पहिला प्रश्न कॉमन काही आहे का, सूत्र नंतर.

याचा उपयोग काय, असं विचारतातच

विचारू द्या, चांगला प्रश्न आहे. ३७ × ६ + ३७ × ४ तोंडी करा: ३७ × १०, ३७०. हेच ते. वृत्तचितीचं एकूण पृष्ठफळ म्हणजे वक्रपृष्ठ २ × पाय × र × उ आणि दोन तळ २ × पाय × र², यातून २ × पाय × र सामाईक काढलं की २ × पाय × र × (उ + र) हे पुस्तकातलं सूत्र तयार, वेगळं पाठ करायची गरजच नाही. त्रिज्या ७ सेमी, उंची १३ सेमी असेल आणि पाय २२/७ धरला तर ५७२ आणि ३०८ वेगवेगळे काढून मिळवण्यापेक्षा सरळ ४४ × २० = ८८० चौसेमी. सरळव्याजाची रास पण तशीच, मुद्दल अधिक मुद्दलावरचं व्याज, त्यातून मुद्दल बाहेर काढलं तर ५००० रुपये, दसादशे ८, ३ वर्षं = ५०००(१ + ०.२४) = ६२०० रुपये.

सराव कसा करायचा

एका दिवशी चाळीस गणितं करू नका, हात दुखतो आणि चुका पक्क्या होतात. रोज आठ-दहा, पण प्रत्येकाची तपासणी लिहून. पहिले दोन दिवस फक्त संख्या सामाईक असलेली, पुढचे दोन अक्षरांसकट, मग चिन्हांची, मग कंसांची, आणि त्यानंतर सगळी मिसळून, कारण मिसळल्यावरच कळतं की ओळखता येतंय का नुसतं आधीच्या गणितासारखं करतोय.

संख्या: ४क्ष + १२, १५अ − २५ब, १८क्ष + २७य − ४५, ५१अ + ६८ब (इथे फरकाची युक्ती).

अक्षरं आणि चिन्हं: क्ष³ + क्ष², १०अ²ब − १५अब², २४क्ष⁴य − ३६क्ष³य² + १२क्ष²य, −९क्ष³ − ६क्ष² + ३क्ष.

कंस: ७(अ + २) − अ(अ + २); क्ष(क्ष − ५) + २(५ − क्ष); १२(क्ष + य)² + ८(क्ष + य); अब + ५अ − ३ब − १५.

मिसळीसाठी एक: ५क्ष² − ३५क्ष + ६०.

उत्तरं त्याच क्रमाने, पण आधी स्वतः गुणून बघा आणि मगच इकडे या.
४(क्ष + ३), ५(३अ − ५ब), ९(२क्ष + ३य − ५), १७(३अ + ४ब).
क्ष²(क्ष + १), ५अब(२अ − ३ब), १२क्ष²य(२क्ष² − ३क्षय + १), −३क्ष(३क्ष² + २क्ष − १).
(अ + २)(७ − अ), (क्ष − ५)(क्ष − २), ४(क्ष + य)(३क्ष + ३य + २), (ब + ५)(अ − ३).
५(क्ष − ३)(क्ष − ४).

हे संपलं की पुस्तकातली गणितं शोधत बसू नका, मुलांनाच तयार करायला लावा, माझ्याकडे सगळ्यात जास्त शिकणं याच्यात होतं. आपल्या मनाने एक कंस लिहायचा, समजा ४अ(३अ − २ब + १), तो गुणून १२अ² − ८अब + ४अ करायचा आणि शेजारच्याला द्यायचा. देताना एकच अट, कंसाच्या आत काही सामाईक राहिलेलं नको, नाहीतर समोरच्याचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं येतं आणि भांडण लागतं, आणि खरं सांगू का, ते भांडण लागू द्यावं, दोघांनी आपापली बाजू गुणून दाखवावी, मग कुणाचा कंस अजून फुटतो ते त्यांचं त्यांनाच सापडतं.